बारवी रस्त्यावरचा ‘निसर्ग’ कोणासाठी?



बदलापूर स्टेशनला पश्चिमेकडं उतरून सोनिवलीवरून बारवीच्या अंगाला निघालं की पाट्या दिसायला लागतात. फार्महाऊस, रिसॉर्ट, आणि आता आणखी एक नाव निघालंय, नेचर पार्क. कुटुंबाला घेऊन या, मित्रांना घेऊन या, ऑफिसातल्या माणसांना घेऊन या, एक दिवस निसर्गात काढा. चहा-नाश्ता आत, जेवण आत, गाडी लावायला जागा. पोरांना झोके, मोठ्यांना पावसासारखं पाणी अंगावर घेऊन नाचायची सोय. ऑफिसवाल्यांना रस्सीखेच आणि चिखलातले खेळ. चिखलात उतरायचे लोक पैसे देतात हे ऐकून आपल्या बाया हसतात. आवणीला या म्हणावं, फुकट आहे.

हसून सोडून द्यायची मात्र ही गोष्ट नाही. पाड्यापाड्यांवरच्या बैठकांत यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, पार्क आला तर पोरांना घराजवळ काम लागेल, रस्ता होईल, वीज येईल, विरोध कशाला करायचा? दुसरा म्हणतो, कुंपण पडलं की आपण संपलो. दोघंही आपलेच आहेत आणि दोघांच्याही बोलण्यात अनुभव आहे. म्हणून आम्ही इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सांगून टाकतो की येणाऱ्या माणसांवर आमचा राग नाही. ती येतात उल्हासनगरातून, डोंबिवलीतून, खुद्द बदलापुरातून. एका खोलीत पाच-सहा माणसं, सकाळी लोकलला लोंबकळून जायचं, रात्री तसंच यायचं. त्यांच्या पोरांनी झाड बघावं, पाण्यात पाय बुडवावेत, यात वाईट काय? आपल्या बायांची जांभळं, करवंदं, पावसाच्या तोंडाला शेवळं स्टेशनाबाहेर हीच माणसं घेतात. पावसाळ्यात ती कोंडेश्वरला, बारवीला धावतात, पोरं बुडतात, मग दरवर्षी बंदीहुकूम निघतो. तेव्हा त्यांना बसा-खेळायला सुरक्षित जागा पाहिजे हे आम्हाला मान्य आहे. ती जागा कोणाच्या जमिनीवर काढायची आणि तिथं आधीपासून राहणाऱ्यांचं काय करायचं, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आता बघा, हे पार्क जमीन कुठली शोधतात. भाताचं खाचर त्यांना नको. खाचर महाग, मालक सोडत नाही, पावसात पाणी भरतं. त्यांना पाहिजे माळ, उतार, वरून डोंगर दिसेल अशी टेकाडी, जवळ एखादा ओहोळ. म्हणजे आपल्या भाषेत वरकस. कागदावर ही जमीन पडीक, ‘गवत’ लिहिलेली. शहरातला माणूस बघायला आला की दलाल हात फिरवून सांगतो, बघा साहेब, सगळी मोकळी.

मोकळी? त्याच वरकसावर नागली-वरी होते. राब भाजायला पाला-फांद्या तिथून येतात, आणि राब नाही तर खालच्या खाचरात रोप नाही. शेळ्या तिथं चरतात. सरपण तिथलं. टाकळा, कवळी, कोरल, भारंगी तिथली. कोणाला ताप आला की म्हातारी कुड्याची साल आणायला तिकडंच जाते. मेलेल्याला पुरायची जागा तिथं, देव तिथं, आणि पाणवठ्याची वाट त्याच्यातून. यातली एकही गोष्ट सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. जमीन विकताना जेवढं लिहिलेलं असतं तेवढंच विकलं असं धरतात, पण कुंपण मात्र सगळ्याला पडतं.

आणि मग आत काय करतात? करवंदीची जाळी तोडून हिरवळ लावतात. तिला उन्हाळ्यातही रोज पाणी. ओहोळ आटला की बोअर मारून पंपानं धबधबा पाडतात. ऐन, कुडा, पळस तोडून शोभेचे ताड आणतात. आणि गेटाच्या भिंतीवर, हे फार गमतीचं, वारली चित्र काढतात. तारपा वाजवणारा, फेर धरून नाचणाऱ्या बाया. आपली माणसं भिंतीवर चालतात, भिंतीच्या आत यायला मात्र तिकीट. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात राहतात कातकरी आणि ठाकर, पण भिंतीवर वारली काढली की आदिवासी झाले, एवढंच त्यांना कळतं.

सगळ्यात कठीण गोष्ट घराखालच्या जागेची. ठाकरांकडं थोडीफार जमीन आहे. कातकऱ्यांचं काय? खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलं सरकारी झाली, कात बंद पडला, कोळशाच्या भट्ट्या गेल्या, मग मालकांनी मजूर हाताशी असावा म्हणून आपल्या वरकसावर त्यांना वाडी घालून दिली. दोन-तीन पिढ्या तिथंच जन्मल्या आणि मेल्या. भांडण नव्हतं, कारण त्या जमिनीला किंमत नव्हती. किंमत आली आणि वाडी अडचण झाली. ठाणे आणि रायगड, दोन्ही जिल्ह्यांत हे आपण बघत आलोय. आधी मालक सांगतो, नवीन झोपडी बांधू नका. मग सांगतो, कुडाची भिंत काढून विटेची करू नका. मग शेळ्या बांधू नका. मग एक दिवस माणसं येऊन दगड रंगवतात, सिमेंटचे खांब पुरतात, तार ओढतात. कोणी मारत नाही, घर पाडत नाही. नुसती तार. वाडी तारेच्या आत राहते आणि वाडीतली बाई हंडा घेऊन तारेखालून वाकून जाते. वर्ष-दोन वर्षांत चार घरं आपण होऊन निघून जातात. त्याला विस्थापन कोणी म्हणत नाही, त्याची यादी नाही, पुनर्वसन नाही.

धरणाची गोष्ट निदान दिसते तरी. बारवी धरण एमआयडीसीनं १९७२ साली बांधलं, पुढं उंची वाढवली. तोंडली, मोहघर या गावांना किती वर्षं झगडावं लागलं ते मुरबाडच्या साथींना विचारा. पण तिथं निदान धरणग्रस्त म्हणून नाव होतं, सरकारच्या दारात उभं राहता येत होतं. पार्कग्रस्त असा शब्द अजून कोणत्या कागदावर नाही.

कामाचं म्हणाल तर तेही नीट बोलू. दिवाळी झाली की आपली कुटुंबं बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा बुडते, पावसाच्या तोंडावर परत येतात तेव्हा अंगावर उचल बाकीच. त्याच्यापुढं पार्कात झाडू मारणं, बागेला पाणी घालणं, स्वयंपाकघरात भांडी घासणं हे काम बरं आहे. घरी झोपायला मिळतं, पोर शाळेत राहतं. जी पोरं-पोरी अशी कामं करतात त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही आणि कोणी ठेवू नयेत. पण ते काम शनिवार-रविवारचं आणि मोसमाचं. गर्दी नसेल तेव्हा ‘उद्या येऊ नको’ असा निरोप येतो. हजेरीचं कार्ड बहुतेकांकडं नाही. कॅशिअर, मॅनेजर, गाडीवाला बाहेरचा. चार पोरांना रोज मिळतो त्याच्या बदल्यात पूर्ण वाडीचं सरपण, चराई, भाजी, वाट जाते, हा हिशेब कोणी मांडत नाही. ज्यांना काम हवं त्यांनी ते जरूर करावं. पण कामाचं आमिष दाखवून ग्रामसभेच्या कागदावर अंगठे घेतले जात असतील तर काम आणि जमीन ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कामाबद्दल बोलणं झालं तर ते लेखी घ्या, किती माणसं, किती दिवस, किमान वेतन आणि हजेरी कार्ड. लेखी द्यायला जो तयार होत नाही त्याचं तोंडी आश्वासन किती दिवस टिकेल ते तुम्हीच ठरवा.

वरचं सगळं मालकी जमिनीबद्दल झालं. वनखात्याच्या जमिनीवरही उद्यानं, निसर्ग पर्यटन केंद्रं निघतात, त्याचा कायदा वेगळा. तो समजून घ्या, कारण इथं आपला हात वर आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ३(२) मध्ये वनजमीन गावाच्या सोयीसाठी वळवायची यादी दिलेली आहे. मोजून तेरा गोष्टी. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या आणि फोनच्या तारा, तळी, पिण्याचं पाणी, पाणी साठवायची बांधकामं, लहान पाटबंधारे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य शिकवायची केंद्रं, रस्ते आणि समाजमंदिर. त्यालाही अटी आहेत, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. या तेरात झोका नाही, हिरवळ नाही, हॉटेल नाही. आपल्या कितीतरी पाड्यांवर त्या तेरातली अंगणवाडी द्यायला वनखातं ‘वनजमीन आहे, बांधता येणार नाही’ म्हणतं. पुढच्या वेळी असं उत्तर आलं तर हे कलम पुढं ठेवा.

दुसऱ्या बाजूनं कायदा सैल होतोय हेही सांगायला पाहिजे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, ती १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यात सरकारी मालकीची प्राणिसंग्रहालयं आणि सफारी, तसंच वनखात्याच्या कार्य आयोजनेत घेतलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी, ही ‘वनेतर कामं’ धरायची नाहीत असं म्हटलंय. म्हणजे कातकऱ्याची नागली जंगलाला घातक, पर्यटकाचं जेवणघर मात्र जंगलाचाच भाग! या दुरुस्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत. १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयानं सांगितलंय की प्राणिसंग्रहालय किंवा सफारीचा प्रस्ताव आपल्या परवानगीशिवाय मंजूर करू नये. पण ही दुरुस्ती वनहक्क कायद्याला हात लावत नाही. दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवायचं नाही हे कलम ४(५), आणि जंगल राखायचा ग्रामसभेचा अधिकार कलम ५, दोन्ही जागच्या जागी आहेत. वनखात्याचा माणूस ‘आता नवीन कायदा आलाय’ म्हणाला तर त्याला विचारा, जुना कुठं गेला ते.

उद्यान झाल्यावर पुढं काय होतं ते बघायला लांब जायला नको, लोकलनं बोरिवलीला जा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सिंह बघायची सफारी आहे, रविवारी मुंबईची कुटुंबं डबे घेऊन येतात. त्याच जंगलात आपल्या लोकांचे पाडे आहेत, उद्यानाचं नाव पडायच्या आधीपासून. १९९५ साली एका पर्यावरण संस्थेनं उच्च न्यायालयात याचिका केली, १९९७ मध्ये अतिक्रमणं हटवायचा आदेश झाला. झोपडपट्टीवाले आणि पाड्यावरचा आदिवासी एकाच ‘अतिक्रमक’ शब्दात गेले. तेव्हापासून त्या पाड्यांना विजेसाठी, पाण्यासाठी, घर दुरुस्त करण्यासाठी झगडावं लागतंय. बघायला येणारा पाहुणा आणि राहणारा चोर, असा हा उलटा न्याय.

त्याच मुंबईत दुसरं उदाहरण आहे, ते मुद्दाम सांगतो, कारण ‘तुम्हाला उद्यानंच नकोत’ असा आरोप आपल्यावर होतो. माहीम-धारावीला मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ३७ एकरांचं. तिथं आधी शहराचा कचरा टाकत. त्या कचऱ्यावर माती घालून झाडं लावली, १९९४ साली ते लोकांना खुलं झालं. आज तिथं खरं जंगल वाढलंय, पाखरं येतात, शाळेची पोरं येतात. कोणाची वाडी उठवावी लागली नाही, कोणाचं वरकस कुंपणात गेलं नाही. शहरानं आपल्याच उकिरड्यावर निसर्ग उभा केला. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरला हे का जमू नये? शहराच्या विकास आराखड्यात बागांसाठी आरक्षित भूखंड असतात. ते कुठं आहेत, किती मोकळे आहेत, किती ठिकाणी बाग झाली, हे त्या शहरातल्या नागरिकांनी नगरपालिकेला विचारावं. आपण त्यांच्याबरोबर उभे राहू. घराजवळ बाग असेल तर रिक्षा ओढणाऱ्याच्या पोरालाही ती मिळेल. गेटावर माणशी तिकीट मोजणाऱ्या पार्कात तो तसाही जाऊ शकत नाही.

आणि जिथं जंगल गावाच्या हातात आहे तिथं पाहुणा येतो तो गावाला विचारून. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. आता तिथं बांबू कधी तोडायचा, कोणाला विकायचा हे ग्रामसभा ठरवते. उद्या आपल्या एखाद्या ग्रामसभेनं ठरवलं की शहरातल्या पोरांना आपण जंगल दाखवू, भाजी ओळखायला शिकवू, नागलीची भाकर खाऊ घालू आणि पैसे घेऊ, तर त्यालाही आमची हरकत नाही. ठरवणारे आपण असू, एवढं झालं तर पुरे.

आता लगेच करायची कामं. सोनिवलीसारखी गावं नगरपालिकेच्या हद्दीत गेली, तिथले साथी म्हणतात, आता आपल्याला कायदा लागू नाही. आपला अंबरनाथ तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळं पेसाचं संरक्षण इथं मिळत नाही हे खरं. पण वनहक्क कायद्यानं नगरपालिकेची हद्द वगळलेली नाही. आणि महसूल संहितेचं कलम ३६अ महाराष्ट्रभर आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा कशानंही देता येत नाही, परवानगीशिवाय. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात, बाकी सगळ्याला राज्य सरकारची आधी मंजुरी लागते. तेव्हा कोणी ‘विकू नका, नुसतं ९९ वर्षांनी द्या’ म्हणत असेल, किंवा कुलमुखत्यारपत्रावर सही मागत असेल, तर थांबा आणि संघटनेला कळवा. पैसे घेऊन बसला असाल तरी कळवा, आम्ही ओरडणार नाही.

वाट किंवा ओहोळ अडवला असेल तर वेळ घालवू नका. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे, त्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा लावता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात गेलात तर तो दार लावून घेतो. म्हणून खांब पुरले त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, पोरांच्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा, फोटोत वाट आणि खांब दोन्ही दिसू द्या.

जमीन विकली की तलाठ्याकडं फेरफाराची नोटीस लागते, हरकतीला १५ दिवस असतात. दर सोमवारी एकानं तलाठी कार्यालयात जाऊन पाहून यायचं, अशी पाळी प्रत्येक वाडीनं लावावी. तलाठी दाखवत नसेल तर दोघं जा. मालकी जमिनीवरच्या वाड्यांसाठी दोन वाटा आहेत. एक, वाडीची जागा गावठाणात धरावी म्हणून महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज. दुसरी, जे कूळ होते त्यांना कूळ कायद्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये घराखालच्या जागेचं संरक्षण आहे. कोणत्या वाडीला कोणती लागू होते ते कागद बघूनच सांगता येईल.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना घरात असेल नसेल ते घेऊन या. जुनी घरपट्टी, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, शाळेचा दाखला, वीजबिल, घरकुलाचा कागद. कागद नसेल तर आपल्या वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस घेऊन या, चालत येत नसेल तर पाठुंगळीला मारून आणा. वनहक्काच्या दाव्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, जुन्या विहिरी, पुरण्याच्या जागा, देवाच्या जागा हेही पुरावे चालतात. बायांनी नक्की यावं, कारण कुठली वाट कुठल्या पाण्याला जाते ते पुरुषांना अर्धंच माहीत असतं. मोठा कागद आणि रंगीत खडू आम्ही आणतो, प्रत्येक वाडीचा नकाशा तिथंच बसून काढू.